झोप येते आणि झोप लागते

प्रिय मित्रा,

परकी भाषा बोलताना व्याकरण बरोबर असतं, शब्दही येतात, तरी समोरचा क्षणभर अडखळतो आणि मग 'हो हो' म्हणतो, असं लिहिलंयस ना, ते अगदी माझंच दुखणं रे. मी एकदा जर्मनमध्ये ऐटीत सांगितलं की मी निर्णय 'माखन' केला, माखन म्हणजे करणं, तर समोरच्या बाईंना कळलं सगळं पण हळूच म्हणाल्या, 'ट्रेफन'. ट्रेफन म्हणजे भेटणं! जर्मन माणूस निर्णयाला भेटतो, इंग्रज तो मेक करतो, आपण घेतो. यात लॉजिक शोधू नकोस, मी आठवडा घालवलाय त्यात.

आपलंच बघ ना. झोप आली म्हणजे जांभया सुरू, झोप लागली म्हणजे माणूस गेलाच. भूक लागते, कंटाळा येतो, उलट करून बघ, कसं वाटतं ते. हे कुणी शिकवलं नाही, लहानपणापासून कानावर पडत गेलं. फर्थ नावाचा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९५७ मध्ये म्हणालाच होता की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून (आपल्या आया पोरांबद्दल हेच म्हणतात).

पण अशी एकत्र येणाऱ्या शब्दांची दिसेल ती जोडी वहीत उतरवू नकोस. मी ढीगभर लिहिल्या आणि निम्म्या फुकट गेल्या, 'दार उघडणे' कशाला पाठ करायचं, इंग्रजीतही ओपनच. जिथे मराठी पायात येते तेवढंच घे. आपण लक्ष देतो, ते पे करतात, जणू उधारीच आहे. आपला पाऊस जोराचा म्हणून स्ट्राँग म्हणशील, त्यांचा हेवी असतो, आणि स्ट्राँग ठेवलाय चहाला. परीक्षा आपण देतो म्हणून गिव्ह म्हणायला गेलास तर बाहेरच्या माणसाला वाटेल तू मास्तर आहेस आणि पोरांची परीक्षा घेतोयस, कारण देणाऱ्यासाठी त्यांच्याकडे टेक.

आणि सुटा शब्द लिहूच नकोस, आख्खं वाक्य लिही, तेही तुझ्या कामातलं, नाहीतर बोलताना आठवत नाही. नाम बहुतेक वेळा आपल्याला येत असतं, घोळ क्रियापदाचा असतो, म्हणून उजळणीला तेवढंच बोटाने झाकायचं.

पुढच्या पत्रात दहा वाक्यं पाठव, क्रियापदं गाळून. मी भरून धाडतो, चुकलो तर मात्र हसायचं नाही.

तुझाच,
मी