नेरळच्या रस्त्यावर भेटलेल्या घोडेवाल्या मामांना

गेल्या पावसाळ्यात नेरळजवळ रस्त्याकडेच्या चरात एक म्हातारी घोडी पडलेली दिसली. पाठीवर खोगिराचे पांढरे चट्टे, आणि चारही पायांचे नाल काढून घेतलेले. सोडणाऱ्याने लोखंड तेवढं परत नेलं होतं! माथेरानात गाड्यांना बंदी म्हणून घोड्यांवर केवढी मदार; जनावर थकलं की मात्र ते कुणाचंच नसतं. (२०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हाही त्या घोड्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता.)

मी आणि बायको तिला शेपटी धरून ओढत होतो. तुम्ही लांबूनच ओरडलात, "शेपटी सोडा, मणका जाईल!" एका कुशीवर फार वेळ राहिली तर खालचं फुप्फुस दबतं, हे तुमच्याकडूनच कळलं. टेम्पोवाल्या दादांचा रुंद पट्टा घालून तुम्ही दोघांनी तिला पोटावर बसती केलीत, कुशीला पेंढ्याची पोती लावलीत. डोळ्यात चिखल जाऊ नये म्हणून स्वतःचा टॉवेल तिच्या डोक्याखाली घातलात. मग भाडं सोडून दोन तास भर पावसात तिच्या कानाशी पुटपुटत बसलात.

डॉक्टरबाईंनी सलाइनचे पैसे घेतले नाहीत. "उठली नाही तर इंजेक्शन देऊन सोडवू, हाल नकोत," म्हणाल्या. तेव्हा कठोर वाटलं, आता नाही.

संध्याकाळी ती उठली. आता आमच्या परसात असते. दात झिजलेत, म्हणून भिजवलेला कोंडा खाते.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मामा, नाव विचारायचं राहिलं. टॉवेल धुऊन ठेवलाय.