मिरची माझ्याच दुकानातली होती: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्य मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या पोटरीचा कुत्र्याने लचका तोडला, तेव्हा आमच्या गल्लीत सल्ला द्यायला दहा माणसे जमली, पण ‘आधी जखम धुवा’ असे त्यांतल्या एकानेही म्हटले नाही. शेजारच्या आजींनी मिरची भरायला सांगितले. माझे किराणा दुकान आहे. नंदुरबारच्या मिरचीची पूड मी स्वतःच्या हाताने त्या जखमेत दाबली, पोर किंचाळत राहिले, आणि साबणाच्या वड्या त्याच फळीवर वीतभर अंतरावर रचलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतले असते तर बरेचसे विषाणू तिथेच वाहून गेले असते, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मिळाली. खोल जखमेत लसीबरोबर द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे औषध, मात्र संपले होते, ते आम्ही भाड्याच्या गाडीने दुसऱ्या शहरातून आणले. त्या चार तासांत माझ्या सुनेने जे भोगले ते कोणत्या वहीत मांडायचे, हे मला दुकानदार असूनही कळलेले नाही.

जखम धुण्याची ही सूचना त्या दवाखान्याच्या भिंतीवर होती, पण इंग्रजीत. म्हणजे कुत्रा चावण्याआधी जे कळायला हवे, ते चावल्यानंतर रांगेत उभे राहून परक्या भाषेत वाचायचे.

गेल्या २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या सभेत, घंटागाडीवरून ही माहिती अहिराणीत ऐकवू, असे आश्वासन आम्हाला व्यासपीठावरून मिळाले होते. टाळ्या मीही वाजवल्या. घंटागाडी रोज येते आणि तेच जुने गाणे वाजवून जाते. ‘कुत्रं चावनं ते पहिले साबन लाईसन धुवा’ एवढे एक वाक्य ध्वनिमुद्रित करायला किती कोटी लागतात, ते आपण विधानसभेत सांगावे. निवडणुकीत मात्र हीच अहिराणी भोंग्यावरून फुकट आणि अखंड वाहते.

यंत्रणेला आमच्या दारापर्यंत येता येत नाही, असेही नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्या मारण्यासाठी तीच यंत्रणा लोकांच्या परसदारापर्यंत पोहोचली होती. उंदीर, पावसाचे साचलेले पाणी आणि त्यांतून होणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप यांविषयी तर आम्ही विचारायचेही सोडून दिले आहे.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. परवा रात्री मी गल्लीतली कुत्री मोजली, ती सतरा भरली. एखादे दोनदा मोजले गेले असेल, पण नसबंदी आणि लसीकरणाची खूण म्हणून कान कापलेले त्यांत एकच दिसले. आराखडा बहुधा त्या एकासाठीच असावा.

नातवाला तीन सुया झाल्या आहेत आणि चौथी, अठ्ठाविसाव्या दिवसाची, येत्या शुक्रवारी आहे. मिरचीची बरणी मी साबणाच्या फळीवरून हलवली आहे, आणि तिथे वहीच्या पानावर अहिराणीत ते एक वाक्य लिहून चिकटवले आहे. आपल्या खात्याला हवे असल्यास मजकूर विनामूल्य घेऊन जावा.

आपला,
खानदेशातील एक किराणा दुकानदार