शिडाचे जहाज आणि बोट लागणे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील समुद्रपर्यटनावरील लेखात ‘बोट लागणाऱ्यांनी शिडाच्या जहाजाच्या वाटेला जाऊ नये’ असा सल्ला आहे. तो अर्धाच खरा आहे.

क्रूझ कमी हलते हे मान्य. २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. शिवाय अशा जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे, डोलणे कमी करणारे स्टॅबिलायझर असतात. शिडाच्या जहाजात हेच काम वारा करतो. पाच डोलकाठ्यांच्या ‘रॉयल क्लिपर’वर ४२ शिडे आहेत. ती भरली की जहाज एका बाजूला कलते आणि बरेचसे तसेच राहते. टेबलावरच्या कपातला चहा तिरका दिसतो, पण डचमळत नाही. पोटाला त्रास होतो तो सतत डोलण्याने, नुसत्या कलण्याने नव्हे.

खरी अडचण शिडे गुंडाळल्यावर येते. अशा चौकोनी शिडांच्या जहाजाला वारा जिकडून येतो त्या दिशेशी साधारण ६० अंशांहून कमी कोन करून जाता येत नाही. पुढचे बंदर वाऱ्याच्या तोंडावर असेल आणि वेळापत्रक घट्ट असेल, तर कप्तान इंजिन सुरू करतो. मग वाऱ्याचा आधार जातो आणि तुलनेने लहान जहाज मनसोक्त डोलते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी रोज किती तास शिडांवर प्रवास होतो, हे जरूर विचारावे. केबिन मात्र दोन्हीकडे खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागीच घ्यावी.

– एक वाचक