रिकाम्या जागेबद्दल

प्रिय शुभा,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, याची मनापासून माफी मागते. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. वाड्याच्या भिंतीवर वंशावळ लिहायला घेतलीस आणि तू विचारलं होतंस, ‘पणजीच्या वर जागा रिकामी राहतेय, अंदाजाने भरू की ती ओळच गाळू?’ शुभे, यातलं काहीही करू नकोस. आधी आर्ची मूरची भिंत समजून घे. त्या भिंतीबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलावं?

मूर ऑस्ट्रेलियाचा कलावंत. 1970 साली क्वीन्सलंडमधल्या टूवूम्बाला जन्मलेला, आईकडून कामिलरॉय आणि बिगाम्बुल या आदिवासी समाजांचा, वडिलांकडून ब्रिटिश-स्कॉटिश. व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात 2024 साली ऑस्ट्रेलियाच्या दालनात त्याने ‘किथ अँड किन’ (म्हणजे सगेसोयरे) हे काम मांडलं आणि सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंह पुरस्कार त्या देशाला पहिल्यांदा मिळाला. आता ते काम ब्रिस्बेनचं कलादालन आणि लंडनचं टेट यांच्या सामाईक मालकीचं आहे.

भिंती फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवलेल्या, जवळजवळ पाच मीटर उंच आणि साठ मीटर लांब. त्यावर पांढऱ्या खडूने, हाताने, काही आठवडे खपून लिहिलेली वंशावळ. आता आपलं जुनं भांडण काढते. तू म्हणायचीस, वंशावळ मूळपुरुषापासून खाली उतरते. मूर खाली ‘मी’ लिहितो आणि वर चढतो. एवढ्यानेच सगळं बदलतं. मूळपुरुषापासून निघालं की मुली लग्न होऊन कागदाबाहेर जातात. ‘मी’पासून निघालं की प्रत्येक पायरीवर आई लागतेच. दोन, चार, आठ. दहाव्या पिढीत 1024. आपल्या कुलवृत्तांतात ‘कन्या’ म्हणून एका शब्दात उरकलेल्या बायका इथे टाळताच येत नाहीत.

मग गणित कर. मूरच्या भिंतीवर 3484 माणसं आणि 2400 पिढ्या, म्हणजे 65 हजार वर्षांहून मोठा काळ. पिढीमागे दीड नावसुद्धा येत नाही! म्हणून तिथे वर जाता जाता नावांची जातच बदलते. खाली नाव-आडनाव. मग नुसतं एक नाव, गोऱ्यांनी ठेवलेलं टोपणनाव, नाहीतर थेट शिवी, कारण सरकारी दप्तरात त्या माणसाची तेवढीच नोंद. त्याही वर गमिलराय (कामिलरॉयांची भाषा) आणि बिगाम्बुल भाषांतले नात्याचे शब्द. शेवटी छतापाशी सगळं चांदण्यासारखं विरळ होत जातं. कामिलरॉय नात्यात आईची बहीणही आईच. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्याला हे समजवावं लागत नाही.

आणि आता तुझा प्रश्न. त्या दाट जाळ्यात मधेच मोठी काळी भगदाडं आहेत, खडू न लागलेली. कत्तली, बाहेरून आलेली रोगराई, नष्ट केलेली दप्तरं. मायल क्रीकचंच घे: 10 जून 1838 रोजी कामिलरॉयांपैकी विरायाराय लोकांची किमान 28 माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यांच्यापुढे वाढू शकली असती ती झाडं कुठून आणायची? मूर ती जागा भरत नाही आणि सांधून बुजवतही नाही. रेषा भगदाडाच्या काठापर्यंत येते आणि थांबते. म्हणून तुला कळकळीने सांगते, ती ओळ गाळलीस तर तिथे कुणी होतं हेच नाहीसं होईल.

दालनाच्या मध्यभागी पाण्याचा काळा, स्थिर चौक आणि त्यावर पांढऱ्या कागदांचे पाचशेवर गठ्ठे. कोठडीतल्या आदिवासी मृत्यूंवरच्या शाही चौकशी आयोगाचा अहवाल 1991 मध्ये आला, त्यानंतर कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या चौकशीचे हे कागद. लोकसंख्येत हे लोक चार टक्क्यांहूनही कमी, तुरुंगात मात्र तिघांत एक. भिंतीवरची नावं उघडी आहेत, गठ्ठ्यांतली काळ्या पट्टीने झाकलेली. पाणी मधे असल्यामुळे कागदांपर्यंत हात पोचत नाही. गठ्ठ्यांत काही जुने सरकारी कागदही आहेत, त्यांत मूरच्या आजी-आजोबांचा उल्लेख आहे. आदिवासींच्या जगण्यावर सरकारी ताबा ठेवणाऱ्या ‘संरक्षण’ कायद्यातून सूट मागितली होती त्यांनी, ती नाकारली. ज्या सरकारने माणसं तोडली, त्याच्याच फायलींतून तो त्यांना शोधत होता. हे आठवलं की माझ्या पोटात कालवतं.

आता तुझ्या वाड्यातल्या भिंतीचं. पुट्टी सुकली की पॉलिश पेपरने घास, फळ्याच्या रंगाचे दोन हात दे आणि तीन दिवस हात लावू नकोस. मग खडू आडवा धरून पूर्ण भिंत पांढरी कर आणि कोरड्या फडक्याने पूस. हे टाळलंस तर पहिलं लिहिलेलं कितीही पुसलं तरी सावलीसारखं दिसत राहतं. आराखडा आधी कागदावर ‘मी’पासून वर काढ, पण भिंतीवर वरून खाली लिही, म्हणजे तळहाताने पुसलं जाणार नाही. हात टेकायला काठी घे. वरून फिक्सेटिव्ह मारायचा मोह होईल. आधी कोपऱ्यात मारून बघ, बारीक रेघ फिकी पडते. आणि हो, नावं रेवतीला लिहू दे. तुझं अक्षर मला लागतं, पाहुण्यांना लागणार नाही!

रेवतीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. तारीख कळव. दुकानाचं मार्गी लागलं का?

मोडी कागद वाचून घेतलेस की पणजीचं माहेरचं नाव आधी शोध. सापडलं तर त्याच दिवशी फोन कर. नाही सापडलं तर ‘पणजी’ एवढंच लिही, आणि तिच्यावर हातभर भिंत मोकळी ठेव.

तुझी,
मंजू