घरच्या गिटारची गुरगुर

महोदय,

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवणारे लाकडावर महिना घालवतात आणि वायरिंग एका संध्याकाळी उरकतात. गुरगुर तिथूनच येते. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल तो पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर) उचलू नये. अंगावरचे अक्षर वाचावे. व्हॉल्यूमला 'ए', म्हणजे लॉग पॉट हवा. 'बी', म्हणजे लिनियर लावला तर नॉब निम्मा फिरवूनही आवाज फारसा उतरत नाही, शून्याजवळ मात्र एकदम कोसळतो. पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) सिंगल कॉइल असेल तर पॉट 250 के, म्हणजे किलोओहमचा; दोन कॉइलच्या हंबकरला 500 के. टोनचा कपॅसिटर अनुक्रमे 473 आणि 223 छापलेला (0.047 आणि 0.022 मायक्रोफॅरड); साधा 100 व्होल्टचा पॉलिएस्टर भरपूर झाला, 'व्हिंटेज' नावाला पैसे कशाला?

खरी गोची पॉटच्या पाठीवर अर्थिंगच्या वायरी सोल्डर करताना. 25 वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने ती पाठ तापतच नाही, शिसे गोळी होऊन नुसते बसते आणि पुढे खरखर सुरू होते. पाठ पॉलिश पेपरने घासून 60 वॉटची इस्त्री तीन-चार सेकंद टेकवावी. ब्रिजची (गिटारच्या तारा टेकतात त्या पट्टीची) अर्थिंगची वायर विसरू नये: मल्टिमीटरवर गिटारची तार ते जॅकची स्लीव्ह (जॅकचा अर्थिंगचा भाग) जवळपास शून्य ओहम दिसले पाहिजे. गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुरगुर वाढली, तर आधी जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का ते बघा.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे