दीवला गाडीने जाताना

नाशिक

प्रिय सुधीर,

दीवचा बेत ठरतोय हे वाचून फार बरं वाटलं. समुद्रातलं बेट, आणि तरी पुलावरून थेट गाडी नेता येते. चौघांत खर्च वाटला की अगदी परवडतं.

पण आधी तारखा नीट निवड, खरा पैसा तिथेच वाचतो. दिवाळी पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत अख्खा गुजरात फिरायला निघतो आणि सापुताऱ्यापासून दीवपर्यंत खोल्यांचे भाव चढतात. 31 डिसेंबरलाही तेच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी निघून शुक्रवारच्या आत परत या.

दिंडोरी-वणी-सापुतारा-वघई या रस्त्याने सुरत गाठा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे दिवे नसतात, म्हणून उजाडल्यावरच निघा. नाशिकला टाकी फुल करू नकोस. गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त आहे, हद्द ओलांडण्यापुरतंच भर.

पुढे दोन वाटा आहेत. वडोदऱ्यावरून खंभातच्या आखाताला वळसा घालायचा, किंवा सुरतजवळच्या हजिऱ्याहून गाडीसकट रो-रो बोटीने पलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला उतरायचं. ही बोट 2020 साली सुरू झाली, साधारण चार तास लागतात. रस्त्याने सुरत-भावनगर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. लिटरला 15 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 24 लिटर पेट्रोल, शिवाय टोल. गाडीचं आणि चौघांचं तिकीट त्याच्याशी ताडून बघ. बोट सकाळचीच असेल तर सुरतेतला एक मुक्कामही त्यात धर. पैशात फारसा फरक पडला नाही तरी ड्रायव्हिंगचा अख्खा दिवस वाचतो, म्हणून मी तरी एकदा बोट घ्याच म्हणेन. त्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते, फेऱ्या रद्द होतात किंवा वेळ बदलते. आदल्या दिवशी खात्री करा आणि हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रक फार, त्यामुळे हाताशी वेळ ठेवा. बोटीत गाडी लावली की गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढ आणि अलार्म बंद कर, नाहीतर हेलकाव्यांनी तो वाजत राहतो. बोट लागण्याच्या गोळ्या गाडीत न ठेवता वर घेऊन जा.

मॅपवर एक घोळ होतो. घोघा भावनगरजवळ आहे, घोघला दीवच्या पुलाअलीकडे. मध्ये तळाजा-महुवा-उना असा जवळपास दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे.

मुक्काम दीवच्या नागवा बीचला चिकटून न करता दीव गावात कर, खोली स्वस्त मिळते. गंगेश्वरची पाच शिवलिंगं भरतीच्या पाण्यात बुडतात, तेव्हा ओहोटीची वेळ बघून जा.

एक मात्र कटाक्षाने पाळ: गाडी वाळूत घालू नकोस. ओली वाळू टणक दिसते, पण चाक एकदा फिरायला लागलं की स्वतःच खड्डा करतं आणि वरून भरती येते. अडकलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका. चाकांतली हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने उकरा, खाली पायपुसणी सरकवा, आणि तिघांनी ढकलताना दुसऱ्या गिअरवर हलक्या पायाने बाहेर काढा. हवा भरायचा पंप डिकीत असू दे.

दीवमध्ये दारू चालते, गुजरातेत बंदी आहे. परतताना हद्दीवर झडती होते, अर्धी बाटली सापडली तरी केस होते आणि गाडीही जप्त होऊ शकते. चौघांनाही आधीच बजावून ठेव.

गाडी भाड्याची घेतलीस तर पांढऱ्या नंबर प्लेटची नको. खासगी गाडी भाड्याने वापरली तर अपघातात विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. कॉन्ट्री निघण्याआधीच एकाकडे जमा करा. पेट्रोल, टोल, बोट आणि खोल्या त्यातून भागवा, बाकी ज्याचं त्याने बघावं.

आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घे, खाऱ्या हवेने सायलेन्सर आणि ब्रेकचे पार्ट गंजतात. तारखा ठरल्या की कळव, बोटीचं वेळापत्रक मीही बघून ठेवतो.

तुझा,
प्रशांत