लॉटरीच्या हिशेबात आमचे हप्तेही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याची लॉटरी केरळच्या धर्तीवर वाढवावी, ही सूचना आपण कालच्या अग्रलेखात उचलून धरली आहे. महसूल आला, विक्रेत्यांचा रोजगार आला. तिकीट घेणाऱ्याच्या घरात काय होते, यावर एक ओळ नाही.

मी महिला बचत गटाची सचिव आहे. आमच्यातल्या एकीने शेळ्यांसाठी कर्ज उचलले. नवऱ्याने बाजारच्या दिवशी गाभण शेळी विकली आणि सगळे पैसे एसटी स्टँडमागच्या लॉटरी सेंटरवर घातले. तिथे दर पंधरा मिनिटांनी आकडा फुटतो. पुढे ती बैठकीला येईनाशी झाली. घरी गेले तर म्हणाली, ‘‘ताई, कोणत्या तोंडाने येऊ?’’ कर्ज गटाच्या नावावर, त्यामुळे तिचे हप्ते आम्ही बाकीच्यांनी भरले, खुरपणीच्या मजुरीतून. आमच्यापैकी कुणी जन्मात तिकीट काढलेले नाही. हे पैसे कोणाच्या महसुलातून वजा करायचे?

ते सेंटर बेकायदा, सरकारी लॉटरी वेगळी, असे आपण म्हणाल. पण सरकारच लॉटरी चालवते म्हणून तर ‘लॉटरी’ अशी पाटी लावून असली दुकाने दिवसाढवळ्या उघडी राहतात. आम्ही तक्रार केली, धाड पडली, आणि थोड्याच दिवसांत शटर पुन्हा वर गेले. मटक्याला आळा बसावा म्हणून राज्याने १९६९ मध्ये लॉटरी काढली. मटका अजून आहे, आणि वर लॉटरीही आहे.

लॉटरी राज्याची असली तरी तो जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, तेव्हा उद्ध्वस्त घरांचा दाखला देऊन आपणच स्वागत केले होते. ती घरे आणि ही घरे वेगळी आहेत का?

आणखी एक. आपल्या राशिभविष्यात रोज ‘शुभांक’ असतो. त्या सेंटरवर पेपर येतो तो तेवढ्यासाठी. तो अंक पाहून माणसे आकडा लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लॉटरीचे सरकार काय ते ठरवील. शुभांक छापणे तर आपल्याच हातात आहे. तो उद्यापासून बंद करा.

आपली नियमित वाचक,
सचिव, महिला बचत गट, जि. सोलापूर